गाडीआधी वाट मोजा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

भाताची सुगी संपत आली आणि ऊसतोड सुरू झाली की गावोगावी गाडी घेण्याच्या गोष्टी निघतात. या वेळच्या पत्रांत बहुतेक प्रश्न त्याचेच आहेत. बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या रानपट्ट्यापासून अथणीच्या काळ्या जमिनीपर्यंत माती, पाऊस आणि रस्ते इतके बदलतात की एकाच्या दारात नीट चालणारी गाडी दुसऱ्याच्या वाटेवर अडकून बसते. म्हणून प्रत्येक उत्तर त्या त्या भागाचा विचार करून दिलं आहे.

प्रश्न : आमचं घर जांबोटी भागात आहे. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत पाऊण किलोमीटर तांबड्या मातीची वाट आणि मध्ये एक चढ. घरात पाच माणसं, त्यात आई-वडील वयस्कर. आठवड्यातून दोनदा बेळगावला जाणं होतं, महिन्याला साधारण 600 किलोमीटर. तयारी चार लाखांपर्यंत आहे. 2014 ची बोलेरो सव्वातीन लाखांना मिळते आहे. भाऊ म्हणतो, जुनी वॅगन-आर घे. काय करावं?
(खानापूर तालुका)

उत्तर : आधी गाडी बाजूला ठेवा आणि एक सरळ वासा घेऊन वाटेवर जा. ट्रॅक्टर आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांमध्ये जो उंचवटा राहतो, कारचं पोट तिथेच घासतं. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या कारच्या चाकांपेक्षा रुंद असतात. त्यामुळे कारचं एक चाक चाकोरीत उतरतं, दुसरं उंचवट्यावर चढतं आणि गाडी कलती होते. वासा दोन्ही चाकोऱ्यांवर आडवा धरा आणि चाकोरीच्या तळापासून उंचवट्याच्या माथ्यापर्यंत किती सेंटिमीटर भरतात ते मोजा. कंपनी जी ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) सांगते ती रिकाम्या गाडीची असते. पाच माणसं आणि सामान बसलं की ती तीन ते पाच सेंटिमीटर कमी होते. वॅगन-आरची साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास आहे, तशाच छोट्या गाड्यांत एस-प्रेसोची 18, क्विडची 18.4. म्हणजे भरलेल्या वॅगन-आरला 11-12 सेंटिमीटरपर्यंतचा उंचवटा चालेल. त्याहून जास्त असेल तर ऑइल चेंबर आणि सायलेन्सर धोक्यात येतात.

वाट त्याहून वाईट निघाली तरी लगेच बोलेरोकडे धावू नका. पाऊण किलोमीटरमध्ये खरी अडचण बहुतेक 30-40 मीटरच्या तुकड्यात असते, आणि तुमच्या बाबतीत ती चढावर असणार. त्या 40 मीटरवर चाकांपुरते दोन पट्टे, प्रत्येकी 60 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड असे मुरूम किंवा जांभ्याच्या तुकड्यांनी भरले, तर दबाई धरून तीन ते साडेतीन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) माल लागतो. काम मार्च-एप्रिलमध्ये करा, पाणी मारून ट्रॅक्टर फिरवा आणि मुख्य म्हणजे वरच्या अंगाला चर काढा. चर नसेल तर तुमच्याकडचा पाऊस पहिल्या महिन्यातच मुरूम धुऊन नेतो. हा खर्च दोन गाड्यांच्या किमतीतल्या फरकापेक्षा पुष्कळ कमी आहे आणि त्याचा उपयोग सगळ्या वाडीला होतो.

आता हिशेब. बोलेरो एका लिटरला 13 किलोमीटर देते असं धरलं तर 600 किलोमीटरला 46 लिटर डिझेल लागेल. पेट्रोल वॅगन-आर 19 देते असं धरलं तर साडेएकतीस लिटर पेट्रोल. डिझेल 91 आणि पेट्रोल 103 रुपये धरून महिन्याला साडेनऊशेचा, वर्षाला अकरा हजारांचा फरक पडतो. त्याशिवाय बोलेरोचा 15 इंची टायर वॅगन-आरच्या 13 इंची टायरपेक्षा बराच महाग आहे. दहा वर्षं चाललेल्या कॉमनरेल डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि टर्बो एकदम कामाला आले, तर वर्षभराची बचत एका बिलात जाते. आई-वडिलांचाही विचार करा. बोलेरोत पाय उचलून चढावं लागतं. वॅगन-आरची सीट कमरेच्या उंचीवर येते, गुडघेदुखीच्या माणसाला नुसतं बसून पाय आत घेता येतात.

चिखलातल्या चढावर कोणती बरी, हा प्रश्न राहतो. वॅगन-आर पुढच्या चाकांवर चालते आणि इंजिनाचं वजनही पुढेच असतं, म्हणून एक-दोन माणसं असताना ती चिखलातून बरी निघते. मागे तीन माणसं आणि डिकीत पोतं ठेवून चढ घेतला की वजन मागे जातं आणि पुढची चाकं जागीच फिरू लागतात. तेव्हा पोतं पुढच्या सीटसमोर पायांशी घ्या आणि दोघांना चढापुरतं उतरवा. साधी बोलेरो मागच्या चाकांवर चालते, तिचं उलटं : भरलेली असताना चढते, रिकामी असताना घसरते. ती फोर-व्हील आहे असं गृहीत धरू नका, बहुतेक बोलेरो टू-व्हीलच असतात.

आमचं मत असं : चांगल्या स्थितीतली जुनी पेट्रोल वॅगन-आर घ्या, अडीच-पावणेतीन लाखांच्या आत बसवा आणि उरलेल्या पैशांतून मुरूम, चार नवे टायर आणि खालून अँटी-रस्ट कोटिंग करून घ्या. तुमच्या भागात जून ते सप्टेंबर गाडी सतत ओली राहते. तांबडी माती मडगार्डच्या आतल्या कडेला आणि दारांखालच्या पट्टीत साचते, ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. आठवड्यातून एकदा खालून पाणी मारा आणि दारांच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा.

तरीही बोलेरोच घ्यायची ठरली, तर सकाळी थंड इंजिनावर सुरू करून बघा. ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभक धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हॅंगर चेसीला जिथे जोडलेले असतात तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचा, गंज तिथून सुरू होतो. आणि 2014 ची गाडी 2029 मध्ये 15 वर्षांची होते. तेव्हा फिटनेस दाखवून नोंदणी वाढवावी लागते आणि कारसाठी ती फी 2022 पासून 5000 रुपये आहे.

प्रश्न : रानातून डेअरीपर्यंत दीड किलोमीटर रोज दोन वेळा 20 लिटरचे दोन कॅन न्यायचे असतात. नवी टीव्हीएस एक्सएल घ्यावी की जुनी स्प्लेंडर? मुलगी कॉलेजला जाते, ती म्हणते स्कूटरच घ्या, दोन्ही कामं होतील. दुकानदार 60,000 चं कर्ज दहा टक्क्यांनी देतो म्हणतो.
(अथणी तालुका)

उत्तर : 40 लिटर दूध म्हणजे 41 किलो, कॅन धरून 50 किलो. हे वजन तिन्ही गाड्या ओढतात. अडचण तुमच्या काळ्या मातीची आहे. तांबडी माती घसरवते, काळी माती चिकटते. पाऊस पडून गेल्यावर ती टायर आणि मडगार्डच्या मधल्या दोन बोटांच्या फटीत भरते आणि शंभर पावलांत पुढचं चाक जाम होतं. काही जण पुढचं मडगार्ड काढूनच टाकतात. ते करू नका. बऱ्याच गाड्यांत ते पुढच्या दोन नळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतं, आणि चिखल थेट इंजिनावर उडतो. बोल्टखाली बुश घालून मडगार्ड दीड सेंटिमीटर वर घेता येतं, कुठलाही मिस्त्री करून देईल. खरं सांगायचं तर भर चिखलाच्या दिवसांत काळ्या रानात कुठलीच दुचाकी चालत नाही. त्या दिवसांत गाडी डांबराच्या कडेला ठेवायची आणि कॅन बैलगाडीने किंवा हातगाड्याने तिथवर आणायचे.

स्कूटर रानासाठी नको. बऱ्याच स्कूटरांचं मागचं चाक 10 इंची असतं, खड्ड्यात पूर्ण बसतं, आणि क्लच-बेल्टची पेटी खाली असल्यामुळे धूळ-पाणी आत शिरतं. मुलीचा कॉलेजचा रस्ता डांबरी असेल तर तिच्यासाठी स्कूटर ठीक, पण मग ती वेगळी गाडी समजा.

एक्सएल आणि स्प्लेंडरमध्ये आम्ही तुम्हाला एक्सएल सुचवू. तिला एकच गिअर असतो, म्हणून लांबच्या चढावर ओझं असेल तर तिचा क्लच घसरून तापतो. खानापूरच्या चढांवर हीच गाडी आम्ही सुचवली नसती. अथणीकडे रान सपाट आहे आणि दीड किलोमीटर अंतर आहे, तिथे हा दोष जाणवत नाही. उलट पायाशी सपाट जागा मिळते, वैरणीचा भारा किंवा खताचं पोतं तिथे बसतं. मुलीला तालुक्याला सोडायचं, बाजारला 30-40 किलोमीटर जायचं, असं रोज असेल तर मात्र चार गिअरची आणि 18 इंची चाकांची स्प्लेंडर बरी. जुनी घेताना पूर्ण चेनकव्हर असलेलीच बघा. उघड्या चेनमध्ये माती गेली की चेन आणि दोन्ही चक्रं वर्षभरात झिजतात.

कॅन बांधताना दोन्ही बाजूंच्या कड्या एकाच उंचीवर घ्या. अर्धवट भरलेला कॅन भरलेल्यापेक्षा जास्त हेलकावतो. दूध कमी असेल तेव्हा 20 चे दोन अर्धे नेण्यापेक्षा 10 लिटरचे दोन भरून न्या. मागचे शॉकअप पाना लावून कडक घरात घ्या आणि मागच्या चाकात दोन माणसांच्या वजनाइतकी हवा ठेवा. आकडा चेनकव्हरच्या स्टिकरवर असतो. चेन मधोमध दाबल्यावर दोन-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. ओझं ठेवल्यावर ती ताणली जाते, म्हणून अगदी घट्ट करू नका.

कर्जाबद्दल : "दहा टक्के" फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) आहे की घटत्या बाकीवर (फेडून उरलेल्या रकमेवर), हे आधी विचारा. फ्लॅट असेल तर 60,000 वर तीन वर्षांचं व्याज 18,000 होतं, हप्ता 2,167 रुपये. घटत्या बाकीवर दहाच टक्के असेल तर हप्ता 1,936. म्हणजे फ्लॅटचा दहा टक्के खऱ्या हिशेबाने 18 टक्क्यांच्या जवळ पडतो. तुमच्या पतसंस्थेत किंवा सोसायटीत घटत्या बाकीवर 12-13 टक्के असेल तरी ते स्वस्त आहे.

प्रश्न : रताळी आणि भाजी घेऊन बेळगावच्या एपीएमसीला (बाजार समितीला) महिन्याला 12 ते 14 खेपा होतात. अंतर 18 किलोमीटर, एका खेपेला 650-700 किलो माल. टेम्पोवाला 800 रुपये घेतो. स्वतःचा छोटा हत्ती (टाटा एस) किंवा पिकअप घेतला तर परवडेल का? कार चालवायचं लायसन आहे, बॅज (व्यापारी गाडी चालवण्याची वेगळी मंजुरी) नाही.
(बेळगाव तालुका, पश्चिम भाग)

उत्तर : लायसनचं आधी सांगतो, कारण त्यावरून लोक विनाकारण एजंटाला पैसे देतात. ज्या वाहनाचं एकूण भारासह वजन 7500 किलोच्या आत आहे, ते कारच्या (एलएमव्ही) लायसनवर मालवाहतुकीसाठी चालवता येतं. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हे नक्की केलं. शिवाय एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिटही लागत नाही. छोटा हत्ती आणि मारुतीची सुपर कॅरी यांत आरामात बसतात. मोठ्या पिकअपची काही मॉडेलं 3000 च्या वर जातात, आरसीवरचा आकडा बघून घ्या.

परवडण्याचा हिशेब मात्र कडक आहे. आज तुम्ही 14 खेपांचे 11,200 रुपये देता. नवीन गाडीला चार लाखांचं कर्ज, चार वर्षं, 11 टक्के घटत्या बाकीवर धरलं तर हप्ता 10,300 च्या पुढे जातो. आता विमा. 1000 सीसीच्या आतल्या खासगी कारचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता 2022 च्या दरांनुसार 2,094 रुपये आहे, तर साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीचा 16,049. पहिल्यांदा टेम्पो घेणाऱ्याला हा आकडा ठाऊक नसतो आणि दुसऱ्या वर्षी तो दचकतो. त्यावर जीएसटी आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा धरून महिन्याला 2,000 बाजूला काढा. फिटनेस, टायर, सर्व्हिस यांना आणखी 2,000. म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी 14,300 लागतात. जाऊन-येऊन 36 किलोमीटरला 250 रुपयांचं इंधन धरलं तर प्रत्येक खेपेत 550 वाचतात. 14,300 भागिले 550, म्हणजे 26 खेपा. तुमच्या 14 आहेत. त्यात तुमचा स्वतःचा वेळ आणि हमालीची धावपळ धरलेलीच नाही.

जुनी घेतली आणि दोन लाखांचंच कर्ज काढलं, तीन वर्षांसाठी, 13 टक्क्यांनी, तर हप्ता 6,740 च्या आसपास येतो. जुन्या गाडीची दुरुस्ती थोडी जास्त, 3,000 धरा. तरी 21-22 खेपा लागतात. म्हणून एकट्याने घेऊ नका. गल्लीतल्या आणखी दोघांचा माल नेण्याचं पक्कं झालं आणि महिन्याच्या खेपा 25 च्या पुढे गेल्या, तरच घ्या. पिवळ्या पाटीची गाडी असल्यामुळे दुसऱ्याचा माल भाड्याने नेणं कायदेशीरच आहे. त्यासाठी कोणतं मॉडेल, तर 700 किलोला छोटा हत्ती किंवा पेट्रोल सुपर कॅरी बरोबर जुळते. त्यांची क्षमता 740-750 किलो आहे. टनाचा माल रोज असेल तर पिकअप. छोट्या गाडीवर टनभर भरलं की मागचे ब्रेक तापून ढिले पडतात आणि मागच्या चाकाची बेअरिंग आवाज करू लागते.

डिझेल घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांना सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून साफ व्हायला इंजिन बऱ्यापैकी वेगात सलग 20-25 मिनिटं चालावं लागतं. तुमची 18 किलोमीटरची खेप त्याला पुरते. पण जी गाडी रोज शेत ते गाव असे दोन-तीन किलोमीटरच फिरते, तिचा फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि इंजिन जोर धरेनासं होतं. अशा कामाला पेट्रोलच घ्यावी.

आणि कृपा करून शेतात लावणीला येणाऱ्या बायकांना टेम्पोच्या मागे बसवून नेऊ नका. मालाच्या गाडीत माणसं बसवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात झटकते आणि नुकसानभरपाई मालकाच्या शेतावर येते. अशी प्रकरणं वर्षानुवर्षं कोर्टात पडून राहतात आणि त्या बायांच्या घरी तोवर एक पैसा पोचत नाही. माणसं न्यायला वडाप (प्रवासी जीप) किंवा एसटी बघा.

नवीन व्यापारी गाडीचा फिटनेस पहिली दोन वर्षं असतो, आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. आठ वर्षांपुढची गाडी घेताना फिटनेस किती महिने शिल्लक आहे हे किमतीत धरा.

प्रश्न : कोल्हापुरात जुन्या गाड्या स्वस्त मिळतात. एमएच-09 ची 2021 ची कार घेऊन इकडे चालवली तर काय अडचण?
(निपाणी)

उत्तर : फिरायला अडचण नाही, ठेवायला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे राहिली तर इथला नंबर घ्यावा लागतो. तुमच्यासाठी तो चिकोडीचा केए-23. खरा खर्च कर्नाटकचा आजीव कर आहे. 5 ते 10 लाखांच्या नव्या कारला इथे 14 टक्के आणि वर उपकर आहे. जुन्या गाडीला तो मूळ किमतीवरून वयाप्रमाणे कमी करून लावतात. म्हणून चार वर्षांच्या गाडीला तो चांगलाच बसतो आणि दहा वर्षांच्या गाडीला त्याहून पुष्कळ कमी. कोल्हापुरात 40 हजार स्वस्त मिळालेली गाडी हा कर धरला की निपाणीतल्या गाडीइतकीच पडते, कधी महागही. आधी आरटीओत मूळ बिलाची किंमत आणि नोंदणीची तारीख सांगून कर काढून घ्या, भाव नंतर करा. महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, पण तो अर्ज इथला नंबर मिळाल्यावर तिकडे करायचा असतो आणि पैसे यायला वेळ लागतो. त्यावर भाव ठरवू नका.

कागद असे : विकणाऱ्याच्या आरटीओची एनओसी फॉर्म 28 वर, विक्रीचे फॉर्म 29 आणि 30, इथल्या नव्या नंबरासाठी फॉर्म 27. गाडीवर कर्ज होतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. चेसी नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप, चालू विमा आणि पीयूसी. पैसे पूर्ण देण्याआधी एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून बोजा आणि बाकी चलन बघा. चलन बाकी असेल तर एनओसी अडते, आणि गाडी तुमच्या दारात आल्यावर विकणारा फोन उचलत नाही. विमा 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, म्हणून हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल.

कलम 50 प्रमाणे विकत घेणाऱ्याने 30 दिवसांत गाडी आपल्याकडे आल्याचं आरटीओला कळवायचं असतं. आपल्याकडे सोयऱ्या-धायऱ्यांत गाडी विकली की "बघू नंतर नावावर" असं वर्षभर राहतं. त्या वर्षात अपघात झाला तर कागदावरचा मालकच जबाबदार धरला जातो. नात्यातला व्यवहार असेल तर कागद आणखी लवकर करा.

प्रश्न : बैलहोंगलजवळ शाळेत नोकरीला आहे. रोज 40 किलोमीटर जाणं-येणं. इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ का? कर्नाटकच्या गृहज्योती योजनेमुळे वीज फुकटच आहे.
(एक शिक्षिका)

उत्तर : घ्या, पण दोन गोष्टी पक्क्या करून. कंपनी सांगते त्या अंतराच्या 60-65 टक्के धरा. 100 किलोमीटर सांगितले तर खड्डे, वारा आणि पाठीमागे कुणी बसणं धरून 60-65. तीन वर्षांनी बॅटरी थोडी उतरल्यावरही तुमचे 40 त्यात बसले पाहिजेत. आणि सर्व्हिस सेंटर 30 किलोमीटरच्या आत हवं. या गाड्यांची दुरुस्ती गावातला मिस्त्री करू शकत नाही.

वीज पूर्ण फुकट पडणार नाही. गृहज्योतीत तुमच्या घराची 2022-23 ची सरासरी आणि वर थोडी ठरावीक वाढ एवढीच युनिट माफ आहेत, जास्तीत जास्त 200. रोज दीड-दोन युनिट म्हणजे महिन्याला 50 च्या आसपास वाढतील. वाढलेल्या युनिटांचं बिल येईल आणि एकूण 200 च्या वर गेलात तर पूर्ण बिल येईल. तरी पेट्रोलच्या मानाने ते फारच थोडं आहे. घरात अर्थिंग नीट नसेल तर चार्जर वारंवार बंद पडतो. वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा, आणि चार्जिंगसाठी 15 अँपिअरचा वेगळा पॉइंट घ्या. एक्स्टेंशन बोर्डवर चार्जिंग करू नका, त्याची वायर तापते.

प्रश्न : 2009 ची कार्ब्युरेटरची मोटारसायकल ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर चालेल का?
(संकेश्वर)

उत्तर : चालेल. लिटरमागे दोन-तीन किलोमीटर कमी मिळतील. इथेनॉलमुळे जुने रबर कडक होतं किंवा फुगतं, म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचा वायसर आणि कार्ब्युरेटरमधली निडल व ओ-रिंग बदलून घ्या. हे सुटे भाग स्वस्त असतात. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी दोन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा आणि कॉक बंद करून कार्ब्युरेटर खालच्या स्क्रूने रिकामा करा. पाणी मिसळलेलं पेट्रोल दोन थरांत वेगळं होतं आणि सकाळी गाडी चालू होत नाही.

प्रश्न : कृष्णाकाठी स्वस्तात कार मिळते आहे. पुरातली असेल का, कसं ओळखायचं?
(चिकोडी तालुका)

उत्तर : ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही पुरांत नदीकाठच्या पुष्कळ गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या कित्येक धुऊन-पुसून, सीटचं कापड बदलून विकल्या गेल्या. वरून ओळखता येत नाही. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. त्याचा गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही, तिथे मातकट रेघ दिसते. डिकीतलं स्टेपनी चाक काढून खालच्या खोबणीत बोट फिरवा, गाळ असेल तर हाताला लागतो. सीटच्या खालच्या रुळांचा आणि स्क्रूंचा गंज बघा. पाच वर्षांच्या कारमध्ये तिथे गंज येण्याचं दुसरं कारण नसतं. डॅशबोर्डखाली, पायांच्या वर हात घालून वायरींचे जोड बघा, हिरवट-पांढरी पूड असेल तर पाणी तिथवर आलं होतं. काचा बंद करून दहा मिनिटं हीटर लावा. कितीही अत्तर मारलेलं असलं तरी ओलसर वास वर येतो.

विमा कंपनीकडे त्या महिन्यांत मोठा क्लेम झाला आहे का, हे विकणाऱ्याला विचारा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर दिला तर आधीची कामं कळतात. पाणी फक्त फूटबोर्डपर्यंत आलं असेल आणि इंजिन तेव्हा चालू केलं नसेल तर गाडी वाचलेली असू शकते. डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर दोन-तीन वर्षांत एकेक वायर गंजत जाते. आज हॉर्न, उद्या पॉवर स्टिअरिंग, परवा एअरबॅगचा दिवा. एअरबॅगचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर बल्ब काढून दोष लपवला आहे असं समजा आणि ती गाडी घेऊ नका.